अस्वलाचा घोट

सुतार एरहार्टने आपली लोखंडी पट्टी खांबाच्या बुडाशी धरली, जराशी ढकलली, आणि ती सरळ पलीकडून बाहेर आली.

मी तिथेच उभी होते, हातात पावांची टोपली, पाव अजून गरम. काय झालं ते मला आधी कळलंच नाही. एरहार्टलाही कळलं नसावं, कारण त्याने पट्टी बाहेर काढली, पुसली आणि दुसऱ्या बाजूने घातली. पुन्हा तेच. मग तो गुडघ्यांवर बसला, गाल फरशीला टेकवला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"मालकीणबाई," तो बुर्गीला म्हणाला, "या खांबाने घर धरलेलं नाही. घराने खांब धरलाय. लोंबतोय हा वरून."

"शुद्धीवर आहेस ना?" बुर्गी म्हणाली. "सकाळी सकाळी कुठे लावून आलास?"

"हात घाला खाली. घाला ना."

तिने घातला. मनगटापर्यंत आत गेला. देवाशपथ सांगते, माझ्या हातातली टोपली सुटली आणि पाव सगळ्या फरशीवर गडगडत गेले. एरवी बुर्गीने माझी खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी तिला पाव दिसलेच नाहीत.

एका खांबाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने एकदा 'काळं अस्वल' सराईच्या बैठकीत जाऊन मान वर करावी. खालचा मजला दगडी. त्याच्यावर दोन मजले ओकच्या लाकडांच्या चौकटीचे, मधे कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर थोडा जास्त झुकलेला. इतका की माझ्या बेकरीच्या माडीवरून मी बुर्गीच्या खिडकीत मिठाची वाटी देऊ शकते, आणि देतेही. लाकडांवर जुन्या सुतारांनी खुणांच्या रेघा आणि फुल्या कोरल्यात. कुठलं लाकूड कुठे बसवायचं ते कळावं म्हणून. आम्हा पोरांना मोठी माणसं सांगायची की अस्वलाने नख्या मारल्यात, आणि आम्ही भीत भीत त्यावरून बोटं फिरवायचो. तर बैठकीच्या बरोब्बर मधोमध हा खांब. कवेत जेमतेम मावेल एवढा. त्याच्या डोक्यावर आडवी मोठी तुळई, तुळईवर वरच्या हॉलची सगळी जमीन, हॉलच्या वर झोपायच्या खोल्या, त्यांच्यावर छप्पर. हा एक गेला तर बाकीच्यांनी काय करायचं, हवेत उभं राहायचं?

आणि हा साधा खांब नव्हे, गावाचा लाडका खांब. गोष्ट अशी सांगतात की चारशे वर्षांपूर्वीच्या युद्धात स्वीडिश शिपायांनी गाव पेटवलं तेव्हा विहीर लांब, आग जवळ, म्हणून सराईच्या मालकाने तळघरातली पिपंच्या पिपं फोडून खांबावर बिअर ओतली. वरचे मजले जळाले, खांब वाचला, आणि त्याच्यावरच नवं घर उभं राहिलं. मला तर त्या खांबावर आगीचा डाग कधी दिसला नाही. पण हे बोलायची सोय नव्हती. त्या दिवसापासूनचा रिवाज म्हणजे अस्वलाचा घोट. खांबाला लागून जे टेबल आहे तिथे ठरलेली मंडळी बसतात, दुसऱ्या कुणी बसायचं नाही. उठताना प्रत्येकाने मगातला शेवटचा घोट खांबाच्या बुडाशी ओतायचा. रोज संध्याकाळी, पिढ्यानपिढ्या. आमचे हेही त्यातलेच. घरी ताटलीत एक कण टाकणार नाहीत, आणि तिथे ऐटीत बिअर ओतायचे. बायकांना ओतायची परवानगी नव्हती. पुसायची होती.

पुसायचं काम बुर्गीचं.

वालबुर्गा तिचं नाव, पण गावात सगळे बुर्गी म्हणतात. डोंगरातल्या एका फाटक्या वाडीतून सोळाव्या वर्षी सराईत मोलकरीण म्हणून आली. लांब वेणी आणि पायात भावाचे बूट. सराईच्या थोरल्या मालकिणीने पहिल्याच दिवशी तिला खांबासमोर उभं केलं आणि सांगितलं, "या घरात आधी हा, मग आम्ही, मग तू." थोरलीचा मुलगा किलियान तेव्हा दारात उभा होता. त्याने हसून डोळा मारला, आणि तिथेच बुर्गीचं वाटोळं झालं, असं ती स्वतःच सांगायची. लग्न झालं, मालकीण झाली, पण फडकं काही हातातून सुटलं नाही. रोज रात्री माणसं गेली की ती गुडघ्यांवर बसून ते आंबट डबकं टिपायची. हिवाळ्यात बोटं फुटायची. "या खांबाला माझ्यापेक्षा जास्त पाजतात," म्हणायची.

एकदा मात्र तिचं डोकं फिरलं. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टिली, तुझा एक ट्रे दे. मोठा." मी पाव भाजायचा पत्र्याचा ट्रे दिला, कोपऱ्यात आमच्या बेकरीचा प्रेट्झेलचा, म्हणजे पीळ घातलेल्या पावाचा, छाप असलेला. तिने तो खांबाच्या बुडाशी मांडला, मंडळी ओततात त्याच बाजूला. "यात ओता," म्हणाली. "लाकूड आहे ते. रोज भिजवलं तर कुजणार नाही का?"

काय तो गदारोळ! टेबलाचा पुढारी एगिड, बिअरच्या भट्टीचा मालक, पोट धरून हसला. "अस्वलाला ताटात वाढलंय! आता गळ्यात लाळेरंही बांधा!" थोरली मालकीण सुनेला काय काय बोलली ते मी इथे सांगत नाही. बुर्गी हटली नाही. ती किलियानकडे बघत राहिली. आणि किलियानने, त्या मित्रांच्या समोर, ट्रेला अशी लाथ मारली की तो खणखणत दारातून अंगणात गेला. टाळ्या पडल्या. बुर्गीने फडकं उचललं आणि पुसायला बसली. त्या विषयावर नवराबायको पुन्हा बोलले नाहीत. ट्रे कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी मात्र दर नाताळात आठवण करायचे, "बुर्गी, माझा ट्रे यायचाय हं."

किलियान गेल्या हिवाळ्यात गेला. दफन झाल्यावर सगळी टोळी सराईत आली आणि त्याच्या नावाने प्रत्येकाने एकेक अख्खा मग खांबावर ओतला. बुर्गीने काळ्या कपड्यांतच पुसलं.

तर असा तो खांब. आणि आता माझे पाव फरशीवर आणि एरहार्ट बुडाशी खरवडतोय. वरच्या हॉलचं दार अडकतंय म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याने दार पाहिलं, चौकट पाहिली, तिरकी झालेली जमीन पाहिली, आणि तो खाली आला. पट्टी घालायच्या आधी त्याने बुडाशी नुसतं बोटाने टकटक केलं होतं तर एक ढलपी निखळून पडली होती. ते लाकूड नव्हतंच! फटी बुजवायची लांबी भरलेली होती, आणि तिच्यावर बारीक ब्रशने तपकिरी रंगात ओकच्या रेघा काढलेल्या. इतक्या हुबेहूब की मी रोज बघूनही फसले होते. आत खांबाचं बूड कुजून भुसा झालेलं. एका कोपऱ्याखाली कसलासा पुंजका कोंबलेला, तेवढाच काय तो आधार.

"हे आपोआप होत नसतं," एरहार्ट म्हणाला. "कुणीतरी केलंय हे, बसून, सावकाश. तुळई वाकून धुराड्याच्या भिंतीवर टेकलीय, म्हणून घर अजून आहे. वर कोण झोपतं?"

"मी," बुर्गी म्हणाली.

"आज झोपू नका. आणि रविवारी..." तो थांबला.

रविवारी केरवा, आमच्या गावची जत्रा. जत्रेला सगळं गाव त्या वरच्या हॉलमध्ये नाचतं. नुसतं नाचत नाही, टाचा आपटून नाचतं. दरवर्षी नाचतं! मी नाचलेय, माझ्या मुली नाचल्यात, पोटातल्या बाळासकट नाचल्यात. पायाखाली काय होतं? रंगवलेली लांबी!

बुर्गी खुर्चीत बसली. मग उठली आणि कोळशाने दारावरच लिहिलं, या वर्षी वर नाच नाही.

संध्याकाळी अख्खं टेबल हजर. बसलं कुणीच नाही. एगिड सगळ्यांच्या पुढे, टोपीसुद्धा न काढता.

"बुर्गी, ही काय थट्टा? केरवा आणि नाच नाही? गावाचं नाक कापायचंय का तुला?"

"वरची जमीन खाली येईल, एगिड."

"चारशे वर्षं आली नाही ती या रविवारीच येणार? तो सुतार कालचं पोरगं! त्याला काम हवंय, म्हणून भुतं दाखवतोय. तू बाईमाणूस, घाबरलीस, ठीक आहे. पण किलियान असता तर..."

"किलियानचं नाव घेऊ नकोस."

"का नको? त्याने असलं काही ऐकून घेतलं नसतं. ही सराई तुझ्या एकटीची नाही, गावाची आहे. नाच होणार. मी माणसं आणून वर दिवे लावतो, बघतोच कोण अडवतं ते."

आमच्या ह्यांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ती मान तिथेच थांबली.

बुर्गीला मी इतक्या वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही तिने चढवला नाही. ती नुसती बाजूला झाली आणि म्हणाली, "अडवत नाही. आधी झोप इथे फरशीवर आणि हात घाल खाली. मग जा वर. तुझ्या नातींनाही ने नाचायला."

"मी कशाला..."

"घाबरलास?"

आता एवढ्या जणांसमोर काय करणार? एगिडने कोट काढला, टोपी काढली आणि ते अवाढव्य धूड फरशीवर आडवं झालं. कुणीतरी हसलं. हात आत गेला. मनगट गेलं. कोपर गेलं. हसणारा गप्प झाला. एगिड आत चाचपत होता आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळताना आम्हाला दिसत होता. मग त्याने हात बाहेर काढला. मुठीत त्या पुंजक्याचा एक तुकडा आला होता. चपटा, काळपट, ओला. त्याने अंगठ्याने पुसला आणि तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

"काय आहे?" मी विचारलं.

आमचे हे वाकले आणि त्यांनी त्याच्या हातून घेतलं. मगाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती होती. एगिडच्याच भट्टीची. तिच्यावर दोन पायांवर उभं राहिलेलं अस्वल.

"हे नवं चित्र आहे," एगिड पुटपुटला. "जुनं अस्वल चार पायांवर होतं. हे आम्ही माझ्या धाकटीच्या लग्नाच्या वर्षी छापलं. तेव्हा थोरल्या मालकिणीला जाऊन किती वर्षं झाली होती..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही, पण आम्हा सगळ्यांनी ते आपापल्या मनात पुरं केलं. थोरली नव्हती. बुर्गीचा सासरा तर त्याच्याही आधी गेला होता. सराईत लांबी भरायला आणि रंग द्यायला एकच हात उरला होता. खिडक्यांच्या चौकटी दर वसंतात कोण रंगवायचं ते सगळ्या गावाने पाहिलं होतं.

किलियानला माहीत होतं!

आणि मग एकेक गोष्ट अशी डोळ्यांसमोर यायला लागली की नको नको झालं. गेली कित्येक वर्षं केरव्याला किलियान वर नाचायला यायचाच नाही. सगळं गाव वर धुमाकूळ घालतंय आणि हा खाली बैठकीत एकटा, खांबाला तळहात लावून उभा. पहिलं गाणं सुरू झाल्यापासून शेवटचं संपेपर्यंत. आम्ही चिडवायचो, "काय रे, खांबाशी लग्न लावलंस की काय?" तो हसायचा. कपाळावर घाम असायचा, आम्हाला वाटायचं बिअरचा. हात लावून काय थांबणार होतं? पण उभा राहायचा. आणि शेवटच्या वर्षांत तो आपला घोट ओतत नव्हता, पिऊन टाकायचा. त्यावरूनही एगिड त्याला चिक्कू म्हणायचा.

"मला सांगितलं का नाही?" बुर्गी म्हणाली. कुणाला विचारत होती कोण जाणे. "माझी खाट बरोब्बर याच्या डोक्यावर आहे. बाजूला घोरत पडायचा, आणि सांगितलं नाही?"

एगिडने टोपी उचलली पण डोक्यावर घातली नाही. जाताना दारावरचं कोळशाचं अक्षर कुणी पुसलं नाही. केरव्याचा नाच त्या वर्षी एगिडच्या भट्टीच्या आवारात, रिकाम्या पिपांच्या मधे झाला. बँड होता, भाजलेलं बदक होतं, सगळं होतं, पण टाच आपटायची वेळ आली की माणसं आधी खाली बघायची.

जत्रा संपल्यावर एरहार्टने कामाला हात घातला. तुळईखाली लोखंडी टेकू लावले, त्यांचे स्क्रू एकेक फेरा देत घर केसभर वर उचललं. सगळं घर करकरलं, वरच्या मजल्यावर कपाटातल्या बशा वाजल्या, आणि माझी खात्रीच पटली की आता आपण सगळे गेलो. मग खांब सुटला. चार माणसांनी त्याला दोरांनी आडवा केला. खाली खांबाची दगडी बैठक दिसली. तिच्यावर भिजलेल्या चकत्यांचा लगदा, त्याच्याखाली छपराच्या पाटीदगडाचे तुकडे नीट कापून रचलेले, आणि सगळ्यात खाली, दगडाची ओल वर चढू नये म्हणून, पत्र्याचा एक चपटा तुकडा.

एरहार्टने तो पहारीने उचकटून काढला आणि बाजूला टाकला. मी वाकून बघितलं. कडा ठोकून सपाट केल्या होत्या, पत्रा गंजला होता, पण कोपऱ्यात प्रेट्झेलचा छाप स्पष्ट होता.

"बुर्गी," मी म्हटलं. "अगं, हा माझा ट्रे."

तिने तो उचलला, उलटापालटा केला. मधे एक खोलगा होता, बुटाच्या टोकाएवढा. तो ठोकूनही निघाला नव्हता. तिने त्यात अंगठा ठेवला.

म्हणजे अंगणातून तो किलियानने उचलून आणला होता. कुठेतरी जपून ठेवला होता, एवढी वर्षं. आणि वेळ आली तेव्हा, बायको म्हणाली होती तसाच, लाकूड आणि ओल यांच्या मधे घातला होता. रात्री ती झोपल्यावर, गुडघ्यांवर बसून. तिच्याच जागी बसून!

"नालायक माणूस," बुर्गी म्हणाली. "'तुझं खरं होतं, बुर्गी,' एवढंच म्हणायचं होतं ना रे. एवढंच! ते तोंडातून निघालं नाही, म्हणून अख्खं गाव मरणावर नाचवलंस?" आणि मग ती रडली. किलियानच्या दफनाला रडली नव्हती इतकी. ट्रे मात्र तिने मला परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

आता बैठकीत नवा खांब आहे. ओकचाच, पिवळाधमक, अजून लाकडाचा वास येतो. एरहार्टने त्याच्यावरही आपली रेघ आणि फुली कोरली. त्याच्या बुडाशी जो कुणी थेंब सांडेल त्याला सराईचं दार बंद, असं बुर्गीने टेबलाला सांगून टाकलं. पण सवय हाडांत मुरलेली. रविवारी चर्च सुटलं की ही मंडळी बिअरचे मग घेऊन बाजूच्या दफनभूमीत जायला लागली, आणि शेवटचा घोट किलियानच्या थडग्यावर ओतायला लागली. आमचे हेही. "तो आपल्यातलाच होता," म्हणे. बुर्गीने लावलेली फुलझाडं पिवळी पडली.

परवाच्या रविवारी आम्ही दोघी थडग्याशी उभ्या होतो. टोळी आली, पुढे एगिड, हातात मग. आला आणि थबकला. बुर्गीने पत्रेवाल्याकडून ट्रेच्या कडा पुन्हा वर वळवून आणल्या होत्या. तो ट्रे तिने थडग्यावर मांडला होता, जिथे किलियानची छाती असेल तिथे.

"हे काय, बुर्गी?" एगिडने विचारलं.

"ओत ना," ती म्हणाली. "माझं घर भिजवलंत. याला नाही भिजवू देणार."

एगिडने ट्रेकडे पाहिलं. मग त्याने तो घोट स्वतःच पिऊन टाकला.